अंगणाखालची पंगत

घराच्या भिंतीपासून दीड-दोन फुटांवर मातीत गळ्यापर्यंत पुरलेली प्लास्टिकची एक डबी. उंची वीतभर, अंगाला उभ्या फटी, वर किल्लीने फिरवून बसवायचं झाकण. आत शुद्ध केलेल्या सेल्युलोजचा, म्हणजे जवळजवळ कागदाचाच, ओलसर लगदा. आणि त्या लगद्यात हजार भागांमागे जेमतेम पाच भाग औषध. पेस्ट कंट्रोलवाले हिला बेट स्टेशन म्हणतात. आपण आमिषाची डबी म्हणू. या डबीमुळे जमिनीखालची लाखो जिवांची अख्खी वसाहत काही महिन्यांत संपू शकते, राणीसकट. आणि राणी त्या डबीच्या जवळपासही कधी फिरकलेली नसते. ती आपल्या दालनातून हलतच नाही. तिचं पोट इतकं फुगलेलं असतं की तिला हलताही येत नाही. मग औषध तिच्या घरापर्यंत गेलं कसं? पोचवलं कोणी?

तिच्याच पोरांनी, आपल्या पोटातून, एकमेकांना भरवत भरवत. उधईच्या जगात एकटं कोणी जेवत नाही. तिथे सतत पंगत बसलेली असते आणि आमिषाची डबी म्हणजे त्या पंगतीत आपण पाठवलेलं एक ताट. मला या सगळ्या प्रकरणात भारावून टाकणारी गोष्ट हीच आहे: ज्या गुणावर हा प्राणी कोट्यवधी वर्षं टिकला, त्याच गुणावर हा उपाय उभा आहे. म्हणूनच ही डबी पुरून विसरून जाण्याची वस्तू नाही.

आधी आपल्या घरांकडे पाहू. वर्धा जिल्ह्यात उधईला खायला काय कमी आहे? 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. पुढे 1940 मध्ये त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथल्या कुट्या जवळपास मिळणाऱ्या साहित्यातूनच बांधायच्या, असा त्यांचा आग्रह होता: माती, बांबू, लाकूड, कवेलू. बापूकुटीसमोर उभं राहून तिच्याकडे उधईच्या बाजूने पाहिलं, तर माती म्हणजे बोगदे बांधायचं साहित्य आणि बांबू-लाकूड म्हणजे अन्न. अशा घराचं सारवण, डागडुजी, बदललेले बांबू हे सगळं त्या बांधणीचाच भाग असतं. वर्ध्यातच 1976 मध्ये देवेंद्रकुमार यांनी ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ ही संस्था उभी केली आणि तिथे शंकूच्या आकाराचे कवेलू एकात एक बसवून लाकडाशिवाय उभी राहणारी कमानी छतं तयार झाली. लाकूड महाग आणि दुर्मीळ होत चाललं होतं, हे त्यामागचं कारण तर खरंच. पण ज्या छतात फाटाच नाही, त्याला उधई काय करणार?

आर्वी, देवळी, हिंगणघाटच्या जुन्या वाड्यांत सागवानी खांब आणि तुळया आहेत. सिमेंटच्या नव्या घरांत दाराच्या चौकटी, प्लायवूडची कपाटं आणि पुस्तकं. गावात घरोघरी सांदवाडीत भिंतीला टेकून पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे ढीग रचलेले. कापूस आणि तूर पिकवणाऱ्या जिल्ह्यात वर्षभराचं सरपण तेच. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. मार्चअखेर खिडकीबाहेर कूलर बसतो आणि जूनपर्यंत त्याचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी ठिबकत राहतं. बाहेर पारा पंचेचाळिशीला, सगळं रान कोरडंठाक, आणि त्यात भिंतीलगत हातभर ओली माती. नाजूक, पातळ कातडीच्या, उन्हात काही वेळातच वाळून मरणाऱ्या उधईला हे पाणी सापडत नसेल तरच नवल.

त्यात आपली काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिल-मे महिन्यात शेतातल्या भेगांत अख्खा हात जातो, तशाच बारीक भेगा घराच्या जोत्याभोवतीही पडतात. घराभोवतीची सिमेंटची पट्टी भिंतीपासून सुटते. उधईविरुद्धचा आपला नेहमीचा उपाय म्हणजे जमिनीत औषधाची भिंत उभी करायची. पायाभरणीच्या वेळी माती भिजवायची, किंवा तयार घरात फरशीच्या कडेने भोकं पाडून औषध भरायचं. भारतीय मानक संस्थेचं ‘आयएस 6313’ हे मानक त्यासाठीच आहे. एकेकाळी यासाठी आल्ड्रिन आणि क्लोर्डेन वापरत. ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात, प्राण्यांच्या चरबीत साठतात, म्हणून आपल्याकडे आणि जगभर बंद झाली. नंतर क्लोरपायरिफॉस आलं, इमिडाक्लोप्रिड आलं. पण औषधाची भिंत सलग असेल तरच उपयोगाची, आणि ज्या मातीला दरवर्षी भेगा पडतात तिच्यात ती सलग राहणं अवघड.

प्रमाणाचाही विचार करून पाहा. हजार चौरस फुटांच्या घराखाली चौरस मीटरला 5 लिटर या हिशेबाने एक टक्क्याचं क्लोरपायरिफॉसचं द्रावण ओतलं, तर जोत्याखाली साडेचार किलोहून जास्त शुद्ध कीटकनाशक जातं. त्याच घराभोवती दर दहा फुटांवर एक अशा चौदा-पंधरा डब्या बसवल्या आणि प्रत्येकीत सव्वाशे ग्रॅम आमिष धरलं, तर सगळ्या डब्यांतलं मिळून औषध दहा ग्रॅमच्या आत बसतं. एकीकडे किलो, दुसरीकडे ग्रॅम. हा फरक पडतो, कारण डबीतलं औषध वाहून न्यायचं काम उधई स्वतः करते.

उधई म्हणजे पांढरी मुंगी नव्हे. मुंग्यांशी तिचं नातं फार दूरचं. ती झुरळांच्या कुळातली. लाकूड कुरतडणारी आणि पिलांना सांभाळणारी झुरळं आजही आहेत. उधईचे पूर्वज त्यांच्याच जवळचे. लाकडातलं सेल्युलोज पचवणं हे कोणत्याही प्राण्याला जड काम. जुन्या वळणाच्या उधईने त्यासाठी पोटात सूक्ष्म एकपेशीय जीव पाळले आहेत. लाकूड खरं तर तेच फोडतात. पण कीटकाला वाढताना कात टाकावी लागते, आणि कात टाकताना फक्त बाहेरचं कातडं जात नाही, आतड्याच्या मागच्या भागाचं अस्तरही गळून पडतं. त्याच्याबरोबर पोटातले सगळे भाडेकरूही जातात. कात टाकलेली उधई पोटभर लाकूड खाऊनही उपाशी मरेल. तिला ते जीव पुन्हा मिळवायचे तर एकच मार्ग: शेजारणीच्या आतड्यातून बाहेर येणारा थेंब चाटायचा. म्हणजे एकत्र राहणं ही उधईची हौस नाही, तिची पचनसंस्थाच तशी आहे. तोंडातून तोंडात, शेपटीकडून तोंडात, अन्नाचे आणि जीवांचे थेंब या वसाहतीत अखंड फिरत असतात. शिपायांना तर स्वतः खाताच येत नाही. लढाईसाठी त्यांचे जबडे इतके वाढलेले असतात की कामकरी भरवतील तेव्हाच त्यांचं पोट भरतं.

डबीतलं औषध नेमकं इथे काम करतं. हेक्साफ्लुम्युरॉन, नोव्हिफ्लुम्युरॉन, क्लोरफ्लुआझुरॉन ही त्यातली मुख्य नावं. ही औषधं मज्जासंस्थेवर घाव घालत नाहीत. कीटकाचं कवच ज्या कायटिनचं बनतं ते कायटिन तयार होण्याची क्रिया ती थांबवतात. उधई आमिष खाते, तिला काही होत नाही. ती घरी जाते, दहाजणींना भरवते, पुन्हा येते, पुन्हा नेते. कात टाकायची वेळ आली की जुनं कवच सुटतं आणि नवं बनलेलंच नसतं. तिथे ती मरते. माणसाच्या अंगात कायटिन मुळीच नाही, म्हणून आपल्यासाठी ही औषधं तुलनेने सौम्य.

याचं सौंदर्य उशिरात आहे. खाल्ल्याबरोबर मारणारं विष डबीत ठेवलं असतं तर फटीजवळ प्रेतं साचली असती, आणि उधईने ती वाट मातीने बुजवून टाकली असती. तसं ती खरोखर करते. इथे मरणाची वेळ औषधाची मात्रा ठरवत नाही, कातीचं वेळापत्रक ठरवतं. कोप्टोटर्मिस या गटातल्या उधईच्या कामकऱ्यांच्या कातींत साधारण दीड महिन्याचं अंतर असतं. अलीकडच्या संशोधनात आणखी एक गोष्ट लक्षात आली: कात टाकायला हे कामकरी बाहेरच्या बोगद्यांत थांबत नाहीत, ते वसाहतीच्या गाभ्यात, राणी आणि अंड्यांच्या जवळ परत येतात. म्हणजे मरण डबीपाशी येत नाही, राजवाड्यात येतं. बाहेर खाणाऱ्यांना काहीच कळत नाही. प्रयोगशाळेतल्या कोप्टोटर्मिसच्या वसाहती अशा आमिषाने तीन महिन्यांच्या आसपास पूर्ण संपल्या.

ही कल्पना प्रत्यक्षात आणणारे शास्त्रज्ञ म्हणजे फ्लोरिडा विद्यापीठातले नान-याओ सू. तैवानमध्ये वाढलेल्या सू यांनी हळू मारणारं, उधईला न कळणारं आणि पंगतीत फिरणारं औषध वर्षानुवर्षं शोधलं, आणि 1995 मध्ये अमेरिकेत ‘सेंट्रिकॉन’ या नावाने ही पद्धत बाजारात आली. पुढच्या दोन-तीन वर्षांत न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या परिसरात शिरलेली उधई याच पद्धतीने संपवली गेली. ज्या ऐतिहासिक वास्तूच्या पायाला भोकं पाडून औषध भरणं शक्य नाही, तिथे डबी हा मोठा आधार आहे.

पण अमेरिकेतली उधई आणि वर्ध्याच्या मातीतली उधई एकच नव्हे, आणि इथे आपल्याला थांबावं लागतं. भारतात उधईच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत. आपल्या रानात, बांधावर, कडुनिंबाच्या बुडाशी जी वारुळं दिसतात ती बहुतेक ओडोन्टोटर्मिस या गटाची. आणि ही उधई शेतकरी आहे, हे अगदी शब्दशः खरं आहे. ती लाकूड, पाला, धसकटं तोडून आणते; वारुळातल्या तरुण कामकरणी ते खाऊन अर्धवट पचलेल्या विष्ठेचे थर एकावर एक रचतात; त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढते. अक्रोडाच्या गरासारख्या सुरकुत्यांच्या या रचनेला बुरशीची बाग म्हणतात. बुरशी लाकूड फोडते, मऊ करते, आणि मग म्हाताऱ्या कामकरणी बागेचा खालचा जुना थर खातात. वर नवं रचायचं, खालचं जुनं खायचं. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. उधईची सुमारे तीन कोटी वर्षांची. या बागेत तणही उगवतं, म्हणजे नको असलेली दुसरी बुरशी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ओडोन्टोटर्मिस ओबेसस ही जात पिकाची बुरशी आणि तणाची बुरशी वासावरून वेगळी ओळखते आणि तणाला मातीखाली गाडून टाकते. अंधारात, डोळ्यांशिवाय केलेली ही निंदणी आहे.

ही शेती पहिल्यांदा युरोपीय विज्ञानाच्या नजरेत आली तीही भारतातच. योहान गेरहार्ड क्योनिग हा लिनियसचा शिष्य दक्षिण भारतात राहून वनस्पती आणि किडे पाहत होता. तंजावरच्या गादीवर तेव्हा आपले भोसले होते. 1779 मध्ये त्याने उधईवर जो लेख छापला, त्यात वारुळातल्या या बुरशीची नोंद आहे. इथल्या लोकांना मात्र ती आधीपासून ठाऊक होती, ताटातली म्हणून. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या त्याच बुरशीच्या छत्र्या पूर्व विदर्भात सात्या म्हणून खातात, आणि गोव्यात रोयण अळमी म्हणून त्यांच्यासाठी लोक वाट्टेल तो भाव देतात.

आता डबीचं काय? शेतकरी उधईच्या पूर्ण वाढलेल्या कामकरणी पुन्हा कात टाकत नाहीत. म्हणजे आमिष नेणारी स्वतः त्याने मरत नाही. औषध आधी बुरशीच्या बागेत जातं, तिथे थरात बसतं, मग ते कोणीतरी खातं, मग दाया ते लाळेतून पिलांना देतात. मरतात ती पिलं, कारण कात त्यांनाच टाकायची असते. जुन्या पिढीचं आयुष्य सरेपर्यंत वसाहत वरून धडधाकट दिसत राहते. फक्त मागून नवं कोणी येत नाही. मलेशियात मॅक्रोटर्मिस या अशाच शेतकरी उधईवर क्लोरफ्लुआझुरॉनच्या आमिषाचे प्रयोग झाले. त्या वसाहतीही मेल्या, पण महिने लागले. म्हणून ‘तीन महिन्यांत हमखास’ हे कोप्टोटर्मिसचं गणित ओडोन्टोटर्मिसला लावणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय ओडोन्टोटर्मिस डबीत येईलच असंही नाही. रानभर पाला पडलेला असताना तिला आपल्या लगद्याची ओढ लागेलच कशी? सहा महिने डब्या कोऱ्या राहिल्या तर त्यात आश्चर्य नाही.

आपल्या घरात कोण आहे, हे मात्र घरबसल्या कळू शकतं. भिंतीवरचा मातीचा बोगदा नखाने थोडासा उघडा. पांढऱ्या कामकऱ्यांच्या गर्दीत पिवळसर-तांबूस डोक्याचे शिपाई पुढे येतील. भिंग असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा करा. शिपायाच्या विळ्यासारख्या जबड्यांपैकी डाव्या जबड्याला आतून एक ठळक दात दिसला, तर ओडोन्टोटर्मिस. ‘दाताची उधई’ हाच त्या नावाचा अर्थ. डोकं पुढे निमुळतं आणि डिवचल्यावर कपाळातून दुधासारखा चिकट थेंब बाहेर आला, तर कोप्टोटर्मिस. लाकूड कसं खाल्लंय तेही सांगतं: ओडोन्टोटर्मिस वरून मातीचा पापुद्रा चढवून त्याखाली साल आणि पृष्ठभाग खाते, कोप्टोटर्मिस आतून पोखरते, बाहेरून चौकट शाबूत दिसते आणि बोटाने दाबली की आत जाते. लाकडातून किंवा बांबूतून नुसती पिठासारखी भुकटी पडत असेल, तर ती उधई नाहीच, ते लाकूड पोखरणारे भुंगेरे आहेत. त्यांच्यासाठी डबी पुरण्यात काहीच अर्थ नाही.

डबी बसवताना आणि राखताना आपली काळी माती विसरून चालत नाही. खड्डा डबीच्या मापाचाच घ्यावा आणि माती ओली करून तिच्या अंगाला घट्ट दाबावी. उधई मातीतून चालते. डबी आणि माती यांच्यात बोटभर पोकळी राहिली तर ती वळसा घालून निघून जाते. मार्चनंतर काळी माती आक्रसून डबीपासून सुटते, तेव्हा दर काही दिवसांनी भोवती तांब्याभर पाणी घालून माती चेपायची. उन्हाळ्यात ओलावा हेच मोठं आमिष आहे. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत, म्हणून पावसाळ्यात नेमकं उलटं होतं: पागोळ्यांच्या रेषेत किंवा नालीच्या कडेला पुरलेल्या डब्या पाण्याने भरतात, लगदा कुजतो, त्यावर हिरवी-काळी बुरशी येते. असा लगदा फेकून नवा भरावा. उधई तो खात नाही. बसवतानाच जागा किंचित उंच निवडलेली बरी. कूलरखालच्या ओल्या पट्ट्याजवळ मात्र एक डबी हवीच, आणि न्हाणीच्या मागे एक.

जिथे आधी औषध फवारलंय त्या मातीत डबी पुरली तर उधई तिथपर्यंत येणारच नाही. हीच गोष्ट नंतरही पाळायची. डबीच्या आसपास मुंग्यांची पावडर, झुरळांचा फवारा, खडूची रेघ काहीही नको. उधईचं सगळं जग वासावर चालतं. तिची वाट म्हणजे जमिनीवर सोडलेली गंधाची रेघ. काही बॉलपेनांच्या शाईतलं एक द्रव्य योगायोगाने या गंधाशी इतकं जुळतं की कागदावर ओढलेल्या रेघेवरून काही जातींची उधई ओळीने चालत जाते. इतक्या तल्लख नाकाच्या प्राण्याला आपल्या हाताला लागलेला फवाऱ्याचा अंश कळणार नाही, असं समजू नये. मुंग्यांनी डबीत बिऱ्हाड केलंच, तर आतला ऐवज बाहेर काढून झटकावा, नवा घालावा.

तपासणी पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा. झाकण उघडायचं, पाहायचं, मिनिटभरात बंद करायचं. जास्त हलवाहलव झाली की उधई वाट बदलते. पुष्कळ डब्यांत सुरुवातीला औषध नसतंच, नुसते लाकडाचे तुकडे असतात, चाहूल घेण्यासाठी. एखाद्या डबीत उधई लागली की आनंदाने ती मारायला धावणं ही आपली पहिली ऊर्मी असते. ती आवरा. लाकडावरच्या जिवंत उधईला हलक्या हाताने नव्या आमिषावर झटकून तिथेच सोडायचं असतं. त्या परत जातील, वाटेवर गंध सोडतील आणि आपल्या माणसांना घेऊन येतील. लगदा निम्म्यावर आला की भर घालायची. पंगत बसलेली असताना ताट रिकामं झालं तर सगळी मेहनत वाया. खाणं थांबलं, सलग दोन-तीन तपासण्यांत आत हालचाल नाही, भिंतीवरचे बोगदे कोरडे आणि तुटले तरी परत बांधले जात नाहीत, अशी लक्षणं दिसली की वसाहत संपली म्हणायला हरकत नाही. डब्या मात्र काढायच्या नाहीत. रिकाम्या झालेल्या त्या जमिनीत शेजारची वसाहत हातपाय पसरणारच.

घराचा साधा नकाशा काढून डब्यांना नंबर द्या आणि काय दिसलं ते भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या त्या तारखेला लिहून ठेवा. वर्षभराने त्या नोंदींतून अंगणाखालच्या वाटा दिसायला लागतात: उधई कोणत्या बाजूने येते, कोणत्या पावसानंतर वाढते. पऱ्हाट्यांचा ढीग भिंतीपासून दूर, विटांवर किंवा दगडांवर रचा. भिंतीलगत ढीगभर मेजवानी असताना डबीकडे कोण वळणार? मृगाच्या पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या उधईचा पाऊस पडतो, तेव्हा घाबरून जाऊ नका, ती बाहेरच्या वारुळांतून आलेली असते आणि कोतवाल, बेडूक, पाली तिचा फडशा पाडतात. पण बंद खोलीत, चौकटीच्या खाली गळलेल्या पंखांचा ढीग दिसला तर वसाहत घरातच आहे.

आणि हे सगळं फक्त घराभोवतीच्या दोन-तीन हातांपुरतं. बांधावरच्या वारुळाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी बंगळूरमधल्या ओडोन्टोटर्मिस ओबेससच्या वारुळांत हवेचा प्रवाह मोजला. दिवसा वारुळाच्या बाहेरच्या पाकळ्या तापतात, हवा त्यांतून वर चढते आणि मधल्या भागातून खाली उतरते. रात्री कडा आधी थंड होतात आणि प्रवाह उलटतो. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावर चालणारं, एकही पंखा नसलेलं हे फुप्फुस आहे. ऑस्ट्रेलियातल्या कोरडवाहू शेतात, मुंग्या आणि उधई जमिनीत असताना गव्हाचं उत्पादन 36 टक्क्यांनी जास्त आल्याचं 2011 मध्ये नोंदवलं गेलं, कारण त्यांच्या बोगद्यांतून पाणी खोल मुरतं. आपल्याच सेलू तालुक्याकडच्या बोर व्याघ्र प्रकल्पातल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली उधई हवेसारखी ओढून घेतं. एका मोठ्या प्राण्याचं तोंडच जिच्यासाठी घडलंय, ती रानातून संपवण्याचा विचारही आपण करू नये.

घराचं मात्र राखायला हवं. दिवाळीच्या आवरासावरीत भिंतीवर मातीची रेघ दिसली तर लगेच झाडू मारू नका, रॉकेल ओतू नका. नखाएवढा तुकडा उघडून शिपायाचा फोटो घ्या. डब्या बसवणाऱ्या कंपनीला तो दाखवा आणि तीन गोष्टी विचारा: तुमचं औषध केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे नोंदलेलं आहे का, ते आमच्या या जातीच्या उधईवर चालतं का, आणि डब्या तपासायला वर्षातून किती वेळा याल? तिसऱ्याचं उत्तर ‘एकदा’ असं आलं, तर दुसरी कंपनी बघा.